सत्तावीस डिसेंबर: वऱ्हाडाच्या हक्काची तारीख

अमरावती-अकोल्याकडे २७ डिसेंबर म्हटलं की भाऊसाहेबांची जयंती, हे कोणाला सांगावं लागत नाही. पऱ्हाटीची वेचणी चालू असते, तूर शेंगांनी लगडलेली असते, आणि गावोगावच्या शिवाजी शाळांमध्ये डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुखांच्या तसबिरीला हार घातला जातो. या एका तारखेच्या पोटात वऱ्हाडाचा आणि जगाचा किती इतिहास दडला आहे, हे मात्र फारसं कुणी उलगडून पाहिलेलं नाही. २७ डिसेंबर १७९७ रोजी आग्र्यात मिर्झा गालिब जन्मले. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, २७ डिसेंबर १८९७ रोजी, अमरावतीत राष्ट्रीय सभेचं, म्हणजे काँग्रेसचं, अधिवेशन सुरू झालं. त्याला एक वर्ष पुरं झालं त्या दिवशी, २७ डिसेंबर १८९८ रोजी, अमरावती जिल्ह्यातल्याच पापळ गावी पंजाबरावांचा जन्म झाला.

अमरावतीच्या अधिवेशनापासून सुरुवात करू, कारण आज त्याची आठवण खुद्द अमरावतीतही पुसट झाली आहे.

१८९७ हे साल महाराष्ट्राला फार जड गेलं होतं. पुण्या-मुंबईत प्लेगचं थैमान, वऱ्हाडासह मोठ्या प्रदेशात दुष्काळ. जूनमध्ये चापेकरांनी पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली आणि सप्टेंबरमध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. नातू बंधूंना तर खटला न चालवताच स्थानबद्ध करण्यात आलं. सरकारचा रोष असा शिगेला पोचलेला असताना राष्ट्रीय सभेला बोलावणं धाडायला छाती लागत होती. अमरावतीने ते बोलावणं धाडलं. वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचा मुलूख होता आणि १८५३च्या तहापासून इंग्रजांच्या कारभारात होता. अशा दोन धन्यांच्या प्रदेशातल्या एका कापूसपेठेने तेरावं अधिवेशन अंगावर घेतलं. स्वागताध्यक्ष होते दादासाहेब खापर्डे, टिळकांचे जिवलग स्नेही. बडनेऱ्याच्या फाट्यावर गाडी बदलून मद्रास, बंगाल, पंजाबकडचे पुढारी अमरावतीत उतरले.

अध्यक्ष होते मलबारचे चेत्तूर शंकरन नायर, वय अवघं चाळीस. राष्ट्रीय सभेच्या अध्यक्षपदी बसलेले ते एकमेव मल्याळी गृहस्थ. पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि १९१९मध्ये जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर पंजाबात जे अत्याचार झाले, त्यांच्या निषेधार्थ त्यांनी त्या पदाचा राजीनामा दिला. २०२५ साली आलेल्या ‘केसरी चॅप्टर २’ या चित्रपटामुळे त्यांचं नाव पुन्हा घरोघरी पोचलं. पण हा माणूस देशाच्या व्यासपीठावर पहिल्यांदा अध्यक्ष म्हणून उभा राहिला तो अमरावतीत, हे वऱ्हाडातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असायला हवं असं मला वाटतं.

याच अधिवेशनात बंगालचे सुरेंद्रनाथ बॅनर्जी तुरुंगातल्या टिळकांसाठी बोलले. सगळं राष्ट्र त्यांच्यासाठी अश्रू ढाळत आहे, अशा आशयाचे त्यांचे उद्गार देशभर गाजले. त्याच आठवड्यात अमरावतीत सामाजिक परिषदही भरली आणि न्यायमूर्ती रानड्यांनी आपलं विख्यात भाषण तिथेच केलं. जुन्याचं पुनरुज्जीवन करा म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारलं की नेमकं कोणतं जुनं परत आणायचं? रूढी एकापाठोपाठ एक बदलत आल्या आहेत, त्यांतली कोणती खरी जुनी म्हणायची? भारतीय सुधारणावादाच्या इतिहासात या भाषणाचं स्थान फार वरचं आहे.

आता या तारखेचं गुपित. राष्ट्रीय सभेच्या इतक्या घडामोडी २७ डिसेंबरलाच कशा, याचं उत्तर कोर्टाच्या सुट्ट्यांत आहे. सभेचा कणा वकिलांचा होता. नाताळात न्यायालयं बंद असत, सरकारी कचेऱ्या आणि कॉलेजंही बंद असत, म्हणून १८८५च्या पहिल्या अधिवेशनापासून डिसेंबरचा अखेरचा आठवडा ठरून गेला. हवाही तंबूत राहण्याजोगी असे. त्यामुळे स्वातंत्र्यलढ्याची पहिली चाळीसेक वर्षं पंचवीस ते एकतीस डिसेंबर या दिवसांत विलक्षण दाटीवाटीने बसलेली दिसतात, आणि त्यात २७ तारीख पुन्हा पुन्हा समोर येते.

पहा, १९०७ साली अधिवेशन नागपूरला व्हायचं होतं. तिथे जहालांचा जोर म्हणून मवाळांनी ते सुरतेला नेलं. २७ डिसेंबरला टिळक बोलायला व्यासपीठावर चढले, गोंधळ उसळला, आणि सभेतून भिरकावलेला एक मराठी जोडा सुरेंद्रनाथांना आणि फिरोजशहा मेहतांना लागला. खुर्च्या उडाल्या, अधिवेशन मोडलं, सभा दुभंगली. ज्या सुरेंद्रनाथांनी दहा वर्षांपूर्वी अमरावतीच्या मांडवात टिळकांसाठी मनापासून शब्द खर्ची घातले होते, त्यांच्यावर ते अधिवेशन सुरू झालेल्या तारखेलाच हा प्रसंग ओढवला. इतिहासातले काही योगायोग वाचून अजूनही मन कळवळतं, त्यांतला हा एक.

२७ डिसेंबर १९११. कलकत्त्याच्या अधिवेशनाचा दुसरा दिवस. त्या दिवशी रवींद्रनाथांचं ‘जन गण मन’ प्रथमच जाहीरपणे गायलं गेलं. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे तेव्हा शिर्डीत साईबाबांच्या सहवासात मुक्काम करून होते. टिळक मंडालेच्या तुरुंगात होते आणि दादासाहेब शिर्डीतले दिवस रोजनिशीत टिपून ठेवत होते. साईभक्तांना त्यांची ती रोजनिशी आजही मोलाची वाटते. पुढच्याच वर्षी, १९१२मध्ये, बांकीपूरच्या अधिवेशनाचं अध्यक्षपद अमरावतीच्याच एका वकिलाकडे आलं: रावबहादूर रंगनाथ नरसिंह मुधोळकर. एकाच गावात दादासाहेब जहाल आणि मुधोळकर मवाळ, दोघेही देशपातळीवरचे.

या रांगेतलं मला सर्वांत जवळचं अधिवेशन मात्र फैजपूरचं. २७ आणि २८ डिसेंबर १९३६. राष्ट्रीय सभा प्रथमच खेड्यात भरली, तीही वऱ्हाडाला खेटून असलेल्या खानदेशात. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोसांना बोलावलं आणि त्यांनी बांबू, तट्ट्या अशा गावच्या सामानातून अख्खं नगर उभारलं. साने गुरुजी त्यासाठी खेडोपाडी राबले. सारा, कर्ज, कुळांचे हक्क यांविषयीचा शेतकरी कार्यक्रम याच अधिवेशनात मंजूर झाला. वकिलांच्या सुट्टीत भरणारी सभा पन्नास वर्षांनी कापूस-केळीच्या शिवारात येऊन पोचली, ती तारीखही हीच.

वऱ्हाडाबाहेरचं जगही या दिवशी स्वस्थ बसलेलं नाही. १८२२ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर जन्मले. दूध टिकवण्याची रीत आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरची लस ही त्यांचीच देणगी. १८३१ साली ‘बीगल’ जहाज तरुण चार्ल्स डार्विनला घेऊन प्लिमथहून निघालं. १९७५ साली धनबादजवळच्या चासनाला कोळसा खाणीत पाणी घुसून पावणेचारशेच्या आसपास कामगार प्राणांस मुकले. त्यावरून पुढे ‘काला पत्थर’ हा चित्रपट निघाला. २००७ साली रावळपिंडीत बेनझीर भुत्तोंची हत्या झाली. अभिनेता सलमान खानचा जन्म १९६५ सालचा, इंदूरचा.

गालिबांपाशी मात्र थांबायलाच हवं. त्यांची जन्मतारीख आपण २७ डिसेंबर म्हणतो. त्यांच्या काळातल्या हिजरी गणनेने तो ८ रज्जब १२१२ होता. वऱ्हाडात अकोला, बाळापूर, अचलपूर या गावांत उर्दू शतकानुशतकं नांदली आहे, मुशायरे ऐकत लोक लहानाचे मोठे झाले आहेत. म्हणूनच की काय, मराठी गझल ज्यांनी घडवली, तिचं व्याकरण तरुण कवींना पत्रांतून समजावून दिलं, ते सुरेश भट १९३२ साली अमरावतीत जन्मले. गालिबांची भाषा आणि अमरावतीची मराठी यांची भेट त्यांच्या लेखणीत झाली. अमरावतीकरांनी गालिबांची जयंतीही आपली मानावी, इतकं हे नातं जवळचं आहे.

तारखेला एक आकाशही असतं. २७ डिसेंबर १८९८ हा दिवस मार्गशीर्ष पौर्णिमेचा होता. त्या रात्रीच्या अखेरीस, म्हणजे २८च्या पहाटे, वऱ्हाडावरून खग्रास चंद्रग्रहण दिसण्याजोगं होतं. ग्रीनिचला तेव्हा अजून २७ तारीखच चालू होती, म्हणून खगोलशास्त्राच्या कोष्टकांत ते ग्रहण २७ डिसेंबरच्या नावे नोंदलेलं आहे. खग्रास ग्रहणात चंद्र पुरता काळा न होता तांबूस दिसतो. पृथ्वीच्या वातावरणातून वळून आलेला सूर्यप्रकाश त्यावर पडतो, हे कारण सांगणारा जर्मन ज्योतिर्विद योहानेस केप्लर १५७१ साली जन्मला तोही २७ डिसेंबरलाच. ही तारीख अर्थात जुन्या ज्युलियन पंचांगाची. आजच्या पंचांगात ती ६ जानेवारी १५७२ भरते. तरीही पापळच्या एका घरात तान्हं मूल निजलेलं असताना वर चाललेलं ग्रहण ज्याने उलगडलं, त्याची आणि त्या मुलाची कागदावरची जन्मतारीख एक, याचा विस्मय कमी होत नाही.

ते मूल म्हणजे शामराव आणि राधाबाईंचे पंजाबराव. घराणं मूळचं कदम, देशमुखी वतनामुळे आडनाव देशमुख झालं. पापळला प्राथमिक शिक्षण, मग चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावती, पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज, आणि तिथून थेट विलायत. वडिलांनी कर्ज काढून पोराला धाडलं. एडिंबरोची पदवी, बॅरिस्टरी आणि वेदवाङ्मयातल्या धर्माचा उगम व विकास यावरचा प्रबंध, एवढी शिदोरी घेऊन ते १९२६मध्ये परतले. कुणब्याच्या पोराने वेदांवर डॉक्टरेट करावी, ही त्या काळच्या समाजाला हादरवणारी गोष्ट होती.

अमरावतीत त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढलं आणि सर्व जातींची मुलं एका छपराखाली आणली. १९२७ साली अंबादेवीचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत परिषद भरली, तेव्हा पंजाबराव त्या मागणीच्या बाजूने उभे राहिले. रानड्यांनी तीस वर्षांपूर्वी त्याच गावात विचारलेल्या प्रश्नाला मिळालेलं हे कृतीतलं उत्तर होतं. जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. १९३०मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाल्यावर देवस्थानांचा पैसा लोकोपयोगी कामाला यावा असं विधेयक त्यांनी मांडलं. त्यावरून झालेला गहजब त्यांनी शांतपणे सोसला. १९३२मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली आणि शेतकऱ्यांची मुलं हजारोंनी पहिल्यांदा शाळेची पायरी चढली. लोक त्यांना आपुलकीने ‘भाऊसाहेब’ म्हणू लागले.

संविधान सभेत ते होते. ज्या ‘जन गण मन’चं पहिलं गायन त्यांच्या तेराव्या वाढदिवशी झालं होतं, ते राष्ट्रगीत म्हणून २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेतच जाहीर झालं. पुढे १९५२पासून ते नेहरूंच्या सरकारात कृषी खातं सांभाळत होते. भातशेतीच्या जपानी पद्धतीचा देशभर प्रसार, १९५५चा भारत कृषक समाज, आणि दिल्लीतलं १९५९-६०चं जागतिक कृषी प्रदर्शन ही त्यांची मोठी कामं. त्या प्रदर्शनाला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर आले होते. १० एप्रिल १९६५ रोजी भाऊसाहेब दिल्लीत गेले. मृत्यूपर्यंत ते अमरावतीचे खासदार होते.

जन्म अमरावतीकडचा, पण त्यांचं सर्वांत मोठं स्मारक अकोल्यात झालं. २० ऑक्टोबर १९६९ रोजी तिथे त्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ स्थापन झालं. शेतकरी त्याला आजही ‘पीकेव्ही’ म्हणतात आणि ही तीन अक्षरं बियाण्याच्या पिशव्यांवरून घराघरांत गेली आहेत. कपाशीचं ‘पीकेव्ही रजत’, संकरित ‘पीकेव्ही हायब्रिड-२’, तुरीचं ‘पीकेव्ही तारा’ ही वाणं याच शिवारात तयार झाली. कोरडवाहू काळ्या जमिनीत, विहिरीला पाणी नसताना काय पिकेल, या वऱ्हाडाच्या जुन्या प्रश्नावर इथे पन्नासहून अधिक वर्षं काम चाललं आहे. डिसेंबरच्या अखेरीस, जयंतीच्या सुमारास, विद्यापीठ कृषी प्रदर्शन भरवतं. अमरावती, वाशिम, बुलडाणा, यवतमाळकडून माणसं येतात, अवजारं हाताळून पाहतात, तुरीचं फांद्यांसकट उपटून आणलेलं झाड न्याहाळतात आणि शास्त्रज्ञांना गाठून गुलाबी बोंडअळीवर उपाय विचारतात.