चिप्सऐवजी ज्वारी पफ? आधी तुलना तर नीट करूया

जुळे सोलापुरातल्या किराणा दुकानात बटाटा चिप्सशेजारी आता ‘बेक्ड’, ‘मल्टिग्रेन’, ‘ज्वारी पफ’ अशी पाकिटंही लटकतात. ती खरंच हेल्दी आहेत का? संशोधन करणाऱ्यानं आधी विचारायचं: कशाच्या तुलनेत आणि किती ग्रॅममागे?

बटाटा चिप्समध्ये 100 ग्रॅममागे साधारण 35 ग्रॅम फॅट असतं. एक ग्रॅम फॅट 9 किलोकॅलरी देतं, स्टार्च 4. म्हणजे तेल कमी झालं की कॅलरी घटतात. पण अगदी बिनतेलाचा कोरडा कुरकुरीत पदार्थसुद्धा 100 ग्रॅमला 350च्या पुढेच जातो. शिवाय पफवर नंतर तेल-मसाला मारतात, त्यातून मीठ येतं.

‘बेक्ड’ ही फक्त पद्धत झाली, आकडा नव्हे. ‘लो फॅट’ला मात्र एफएसएसएआयच्या 2018च्या नियमांत आकडा आहे: घन पदार्थात 100 ग्रॅममागे जास्तीत जास्त 3 ग्रॅम.

आपली कडक भाकरी इथे कंट्रोल म्हणून छान चालेल. ज्वारीचं पीठ, पाणी आणि तवा, तेल नाहीच. मात्र सोबत शेंगा चटणी घेतलीत, तर तिचं फॅटही मोजा!

आता दोन पाकिटं उलटी करा, 100 ग्रॅमच्या रकान्यातलं फॅट आणि सोडियम वहीत शेजारी-शेजारी लिहा. निष्कर्ष त्यानंतर.