मेन स्विच बंद, तरीही धोका कुठे?



शाळेत किंवा घरी वायरमन आला की आपण सहज म्हणतो, "मेन स्विच बंद केलाय, आता करा काम." पण मेन स्विच बंद केला म्हणजे त्या पेटीतली सगळी वीज गेली का? नाही! मीटरकडून येणारी तार स्विचच्या ज्या टोकाला जोडलेली असते, ते टोक स्विच बंद असतानाही विद्युन्मय असते. वीज फक्त तिथून पुढे जात नाही. पेटी उघडून काम करणाऱ्याचा हात नेमका तिथे लागू शकतो.

किती प्रवाह धोक्याचा? ६० वॅटचा बल्ब २३० व्होल्टवर साधारण २६० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. माणसाच्या छातीतून याच्या आठव्या-नवव्या हिश्श्याइतका, म्हणजे ३० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह वाहत राहिला, तरी जिवावर बेतू शकते. शिवाय हाताचे स्नायू आखडतात, मग तार सोडायची म्हटली तरी सुटत नाही. १६ अँपिअरचा एमसीबी अशा वेळी पडत नाही. तो वायरिंग जळू नये म्हणून असतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी जीव वाचवू शकतो, पण त्याच्या आधीच्या तारेला हात लागला तर तोही काही करू शकत नाही.

म्हणून कामगाराच्या संरक्षणासाठी एकच उपाय पुरत नाही. पुढच्या गोष्टी लक्षात ठेवूया:

१. झाकण – अनेक स्विचपेट्यांचे दार मूठ 'बंद'वर आणल्याशिवाय उघडतच नाही. आतल्या विद्युन्मय टोकांवरही वेगळे आच्छादन हवे. तुटलेले झाकण लगेच बदला.

२. कुलूप आणि पाटी – स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचे. किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात. 'काम चालू आहे' ही पाटी लावायची. नाहीतर पंखा का लागत नाही म्हणून कुणीतरी स्विच चालू करतो!

३. तपासणी – टेस्टर आधी चालू लाइनवर लावून बघायचा, मग कामाच्या जागी, आणि पुन्हा चालू लाइनवर. टेस्टरच बिघडला असेल तर 'वीज नाही' असे खोटेच वाटते.

४. जागा – पायाखाली कोरडी रबरी मॅट आणि बोर्डासमोर किमान १ मीटर मोकळी जागा. तिथे मोडकी बाके किंवा खेळाचे साहित्य ठेवू नका.

येणाऱ्या तारेवरच काम असेल, तर वीज कंपनीकडून पुरवठा बंद करून घ्यावाच लागतो. त्यात वेळ जातो, मान्य आहे. पण "तास चालू आहे, लाइन बंद न करता उरका" असे आपण म्हटले, तर नाही म्हणणे त्या वायरमनला जड जाते. त्याची रोजी त्यावर असते. म्हणून थांबण्याची मुभा आपणच द्यायला हवी.

'विद्युतधारेचे परिणाम' शिकवताना मुलांना जरूर विचारा: मेन स्विच बंद केल्यावर वीज नेमकी कुठपर्यंत आलेली असते? उत्तर फळ्यावरच्या आकृतीत शोधू द्या, पेटी उघडून नव्हे.