पबांतील बीअरची महागाई आणि जव पिकविणारा शेतकरी

ब्रिटनमध्यें गांवोगांवीं ‘पब’ नांवाचीं मद्यगृहें आहेत. तेथें बीअर पाइंटच्या मापानें, म्हणजे ५६८ मिलिलिटरच्या ग्लासानें, विकली जाते. सन २००० च्या सुमारास हा ग्लास सरासरीनें दोन पौंडांच्या आसपास मिळे. २०२५ सालीं त्यास जवळजवळ पांच पौंड पडूं लागले, व लंडनमध्यें त्याहूनही अधिक. मद्यपान इष्ट कीं अनिष्ट, हा वाद आम्ही येथें बाजूस ठेवतों. ही वाढलेली किंमत जाते कोणाकडे, आणि जव पिकविणाऱ्याच्या पदरांत तींतून काय पडतें, एवढेंच वाचकांनीं पाहावें.

जवास मोड आणून तो वाळविला व भाजला म्हणजे माल्ट तयार होतें. साधारण बीअरच्या एका ग्लासास सुमारें १०० ग्रॅम माल्ट, म्हणजे १२५ ग्रॅमच्या आंतबाहेर जव लागतो. एका टनांतून अदमासें ८,००० ग्लास निघतात. टनास २०० पौंड भाव धरिला तरी ग्लासामागें शेतकऱ्यास अडीच पेन्स. पांच पौंडांचे पेन्स पांचशें. म्हणजे शेंकडा अर्धा! त्याच ग्लासांतून सरकार शेंकडा २० च्या विक्रीवरील करानें ८३ पेन्स घेतें, व फेब्रुवारी २०२५ च्या दरानें मद्यावरील जकातीचे सुमारें ४३ पेन्स निराळे.

बाकीची रक्कम कारखानदार, जागेचें भाडें, वीज व चाकरमाणसें यांत वांटली जाते. २०२२ सालीं युक्रेनच्या युद्धानंतर वीज व गॅस कडाडले. एप्रिल २०२५ पासून प्रौढ नोकराचें किमान वेतन तासास १२ पौंड २१ पेन्स झालें, आणि मालकानें भरावयाची विमावर्गणी शेंकडा १३.८ वरून १५ वर गेली. दुकानांत तीच बीअर पुष्कळ स्वस्त मिळत असल्यानें गिऱ्हाईक घरींच बसतें. २००० सालीं ६०,००० हून अधिक असलेले पब २०२४ पर्यंत ४५,००० च्या आसपास उरले.

पबवाल्याची अडचण आणखी एक आहे. पुष्कळ पब दुसऱ्याच्या मालकीचे असून भाडेकरूस बीअर त्या मालकाकडूनच, त्याच्या भावानें, घ्यावी लागे. १९८९ सालीं सरकारनें मोठ्या कारखानदारांवर बंधन घातलें, कीं २,००० च्या वर जितके पब असतील त्यांतील निम्मे मोकळे करावे. हेतु चांगला, पण ते पब विकत घेण्यास मोठमोठ्या कंपन्या पुढें आल्या, आणि भाडेकरूची मान एका जोखडांतून निघून दुसऱ्यांत अडकली. २०१६ च्या नियमांनीं बड्या कंपन्यांच्या भाडेकरूंस केवळ बाजारभाडें देऊन मोकळें होण्याची वाट इंग्लंड-वेल्समध्यें मिळाली.

शेतकऱ्याचा अनुभव याहून जुना आहे. माल्टावर १६९७ पासून कर होता, व तो उठावा म्हणून तेथील शेतकऱ्यांनीं दीर्घकाल खटपट केली. १८८० सालीं ग्लॅडस्टननें तो उठवून बीअरवर बसविला. परंतु त्याबरोबरच कारखानदारांस तांदूळ, मका असे पदार्थही वापरण्याची मोकळीक मिळाली, आणि जववाले पुन्हां तक्रार करूं लागले!

आजही कित्येक लहान कारखाने ‘मॅरिस ऑटर’ हा केंब्रिज येथें तयार झालेला, १९६० नंतरच्या दशकांतला जुना वाण मुद्दाम मागतात. त्याचें उत्पन्न नव्या वाणांहून कमी, म्हणून भाव चढा द्यावा लागतो. टनामागें ५० पौंड अधिक दिले, तरी ग्लासावर त्याचा बोजा पाऊण पेन्सही होत नाहीं.