घोट्यावरचं रेडियम

९०, ५०, १५ आणि २. रात्री सायकल चालवताना अंगावर काय असावं, ते या चार टक्केवाऱ्यांत कळतं. ऑस्ट्रेलियात झालेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ चालकांनी रात्री बंदिस्त रस्त्यावर गाडी चालवली. सायकलस्वार ओळखू आला की तसं कळवायचं होतं. काळ्या कपड्यांतला सायकलस्वार २ टक्के वेळा ओळखू आला, फ्लुरोसंट जाकिटातला १५ टक्के आणि रेडियमच्या पट्ट्यांच्या जाकिटातला ५० टक्के. त्याच जाकिटाच्या जोडीला गुडघ्यांवर-घोट्यांवरही पट्ट्या बांधल्या, तेव्हा आकडा ९०वर गेला.

पोपटी जाकीट अवघं १५वर का अडकलं? तो रंग उन्हातल्या अतिनील किरणांवर झळकतो आणि हेडलाइटमध्ये ते जवळपास नसतातच. रेडियममध्ये मात्र बारीक काचमणी किंवा प्रिझम असतात. प्रकाश आला त्याच दिशेला, म्हणजे चालकाकडे, ते तो परत पाठवतात.

पण खरी गंमत ५० ते ९० या उडीत आहे. पाठीवरची चमकती पट्टी लांबून रस्त्याकडेची पाटीही वाटू शकते. पॅडलबरोबर वर-खाली होणारे दोन ठिपके माणसाचेच असतात. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ साली हेच दाखवलं होतं: अंधारात फक्त सांध्यांवरचे ठिपके दिसले, तरी ते हलू लागताच पाहणारा माणूस ओळखतो. शिवाय लो बीमचा झोत खाली रोखलेला असतो, म्हणजे लांबून उजेड पोचतो तो पायांवर.

ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीचा चालक दीड सेकंदात सावध झाला, तरी तेवढ्यात २५ मीटर संपतात. कोरड्या डांबरावर ब्रेकला आणखी साधारण २० लागतात. सायकल ४५ मीटरच्या अलीकडे आल्यावर ओळखली, तर उपयोग नाही.

ओळखू येण्याने अपघात खरंच कमी होतात का, हे पाहायला डेन्मार्कमध्ये ६,७९३ सायकलस्वारांवर वर्षभर चाचणी झाली. पिवळं जाकीट घालणाऱ्या गटात इतर वाहनांशी किंवा व्यक्तींशी टक्कर होऊन जखमी होण्याचे प्रसंग ४७ टक्के कमी नोंदले गेले. मात्र त्या गटाने एकट्याने पडल्याचे अपघातही कमी कळवले होते आणि त्यात जाकिटाचा काय संबंध? संशोधकांनी ती तफावत वजा केली, तेव्हा ३८ टक्के उरले. मी ३८च धरतो.

भारतात २०२२ साली ४,८३६ सायकलस्वार रस्त्यावर मेले, म्हणजे दिवसाला सरासरी १३. आपल्याकडे रात्रीची सायकल बहुधा पाळीवरून सुटलेल्या कामगाराची किंवा वॉचमनची असते. त्याला महागडं जाकीट सुचवण्यात अर्थ नाही. गाड्यांना रेडियम लावणाऱ्याकडचा वीतभर तुकडा चपलेच्या टाचेला आणि पॅडलच्या कडेला चिकटवला, तरी मागून येणाऱ्याला हलणारं काहीतरी दिसेल.

रेडियमची मर्यादाही मोठी आहे: झोत अंगावर पडला तरच ते चमकतं. गल्लीतून आडव्या येणाऱ्या गाडीचे दिवे सायकलवर पडतात, तोवर ती समोर आलेली असते. तिथे पुढे-मागे लावलेला दिवाच लागतो.