देवळावर वसलेलं गाव

1892 सालच्या ऑक्टोबरात ग्रीसमधल्या पार्नासोस पर्वताच्या दक्षिण उतारावर फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी खोदकाम सुरू केलं, तेव्हा तिथे जे दिसत होतं ते अवशेषांपेक्षा अधिक करून एक नांदतं गाव होतं. त्याचं नाव कास्त्री. घरांच्या भिंतींत कोरीव अक्षरांचे दगड बसवलेले होते आणि त्या घरांखाली अपोलोचं देऊळ आहे, हे अभ्यासकांना ठाऊक होतं. गाव हलवल्याशिवाय देऊळ मोकळं होणार नव्हतं. त्या परवानगीसाठी फ्रान्स आणि ग्रीस यांच्यात वर्षानुवर्षं बोलणी चालली. ग्रीसच्या मनुकांवर फ्रान्सने लावलेली जकात कमी व्हावी, ही अटसुद्धा त्या बोलण्यांत होती. अमेरिकन मंडळीही या जागेवर डोळा ठेवून पैसे जमवत होती. अखेर फ्रेंच संसदेने रक्कम मंजूर केली आणि काम सुरू झालं. मोबदला हाती पडलेला नाही म्हणून कास्त्रीच्या लोकांनी ते अडवलं. मग सैनिक आणावे लागले. पुढे सगळं गाव थोडं पश्चिमेला, डोंगराच्या वळणापलीकडे नेऊन वसवलं. आज नकाशावर ‘डेल्फी’ म्हणून जे गाव दिसतं, ते हेच. धरणाखाली गावं गेलेल्या आपल्या मुलखातल्या माणसाला ही हकिकत निराळी समजावून सांगायला नको.

डेल्फीवर लिहिणारे बहुतेक लोक पिथिया, म्हणजे अपोलोच्या देवळातली कौल देणारी पुजारीण, आणि तिच्या भविष्यवाणीपासून सुरुवात करतात. मला मात्र या जागेचं मोठेपण तिथे येऊन गेलेल्या साध्या माणसांत दिसतं. त्यांचे प्रश्न, त्यांची नावं, त्यांचे व्यवहार अजून दगडावर आहेत. ते नीट पाहायचे असतील तर घाई चालत नाही, आणि म्हणूनच अथेन्सहून डेल्फीला एका दिवसात जाऊन यायचं असेल तर गाडी आपली स्वतंत्र ठरवलेली असावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

अथेन्सपासून डेल्फी सुमारे 180 किलोमीटर. गाडीने अडीच तास. सार्वजनिक बसही आहे, ती तीन तासांच्या आसपास घेते आणि एकट्याने फिरणाऱ्याला ती चांगलीच. पण चौघांचं कुटुंब असेल, त्यात गुडघे दुखणारे आईवडील असतील, तर चालकासह गाडी घ्यावी. पर्यटक कंपन्यांच्या मोठ्या बस साधारण दुपारच्या आधी येऊन थडकतात. सकाळी सातच्या आत अथेन्स सोडलं तर त्यांच्या आधी तास-दीड तास आपल्याला मिळतो. एक गोष्ट ठरवतानाच विचारून घ्यावी. ग्रीसमध्ये पुरातत्त्वस्थळाच्या आत माहिती सांगण्याचा अधिकार फक्त परवानाधारक गाइडला आहे. गाडीचा चालक वाटेत कितीही गोष्टी सांगो, तो फाटकापाशी थांबतो. आत जाणकार माणूस हवा असेल तर तो वेगळा ठरवावा लागतो आणि त्याचे पैसे वेगळे असतात. टोल, इंधन आणि तिकिटं दरात धरली आहेत की नाहीत, तेही आधीच बोलून घ्यावं.

वाट सुरुवातीला सपाट आहे. थीब्ज मागे पडलं की बियोशियाचं मैदान लागतं. इथे एकेकाळी कोपाइस नावाचं विस्तीर्ण सरोवर होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते उपसून कोरडं केलं आणि आज त्याच्या तळावर कापसाची शेतं आहेत. लिवादिया हे चहा-कॉफीसाठी थांबायचं गाव. गावातल्या झऱ्यांपाशी ट्रोफोनियस नावाच्या देवतेचं कौल देणारं ठाणं होतं. म्हणजे डेल्फीला पोचण्याआधीच कौलांचा मुलूख सुरू होतो. पुढे रस्ता डोंगरात शिरतो. ग्रीक पुराणकथेतल्या इडिपसने ज्या तिठ्यावर नकळत बापाला ठार केलं, तो तिठा याच भागात असल्याचं मानतात. तिथून जवळच डिस्तोमो हे गाव आहे. 10 जून 1944 रोजी जर्मन सैन्याच्या तुकडीने तिथल्या 218 माणसांना मारलं, त्यांत बायका आणि तान्ही मुलंही होती. गावाबाहेर टेकडीवर स्मारक आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या कथेसाठी आपण गाडी हळू करायला सांगतो; मग या गावासाठीही ती थांबावी, असं मला वाटतं.

वाटेत अराखोवा लागतं. कड्याला बिलगलेली घरं पाहून उतरावंसं वाटेल, तरी सकाळी तिथे थांबू नये. डेल्फी तिथून 10 किलोमीटरवर आहे आणि सकाळचं ऊन सरण्याआधी तिथली चढण चढून घ्यायची आहे.

जागा अशी आहे, की मागे फेद्रियादेसचे उभे कडे, खाली प्लाइस्टोस नदीची दरी, आणि दरीतून समुद्राच्या दिशेने उतरत जाणारं ऑलिव्हचं प्रचंड बन. जुने ग्रीक या जागेला पृथ्वीची नाभी म्हणत. झ्यूसने जगाच्या दोन टोकांवरून सोडलेले दोन गरुड इथे एकत्र आले, अशी कथा आहे. त्या नाभीचा कोरीव दगड आता संग्रहालयात आहे.

फाटकातून आत गेलं की पवित्र मार्ग वळणं घेत वर चढतो. दोन्ही बाजूंना नगरराज्यांनी उभारलेल्या स्मारकांचे चौथरे आहेत. जिंकलेल्या लढाईचं स्मारक उभारायचं ते इथे, आणि शक्यतो हरलेल्याच्या स्मारकासमोर. एकमेकांशी सतत भांडणाऱ्या ग्रीकांनी एकत्र येऊन इराणी सैन्याला इ.स.पू. 479 मध्ये प्लाटियात हरवलं, तेव्हा 31 नगरांची नावं कोरलेला काशाचा सर्पस्तंभ इथे उभा केला. पुढे सम्राट कॉन्स्टंटाइनने तो आपल्या नव्या राजधानीत नेला. इस्तंबूलला गेलेल्यांनी तो जुन्या रथशर्यतींच्या मैदानात पाहिला असेल.

वळणावर अथेन्सचा कोषागार आहे, संगमरवरी, छोटा आणि देखणा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूळ दगड वापरून तो पुन्हा उभारला. त्याच्या भिंतीच्या दगडांवर 1893 मध्ये अपोलोची दोन स्तोत्रं सापडली. शब्दांच्या वर स्वरांच्या खुणा कोरलेल्या, म्हणजे गाणं जसं गायलं जायचं तसं दगडात उतरवलेलं. ती इ.स.पू. 128 च्या उत्सवातली असल्याचं मानतात. एवढं सलग लिहिलेलं संगीत इतक्या जुन्या काळातलं फारसं हाती नाही. सापडल्यानंतर लवकरच, 1894 मध्ये, ऑलिम्पिक पुन्हा सुरू करण्यासाठी पॅरिसला भरलेल्या परिषदेत त्यातलं एक गायलं गेलं.

आता ज्या भिंतीसाठी मी गाडी वेगळी घ्यायला सांगतो, ती. देवळाच्या चौथऱ्याला आधार देणारी ही भिंत वेड्यावाकड्या, अनेक कोनांच्या दगडांची आहे. दगडांचे सांधे वळणदार, एकमेकांत इतके घट्ट बसलेले की चुन्याची गरज पडली नाही. भूकंपात देवळं पडली, ही उभी राहिली. बहुतेक लोक तिच्याजवळून पुढे जातात, कारण वर खांब दिसायला लागलेले असतात. पण जरा बाजूला होऊन तिरप्या उजेडात पाहिलं, तर सगळी भिंत बारीक अक्षरांनी भरलेली दिसते. 800 च्या आसपास लेख आहेत आणि त्यांतले बहुतेक गुलामांच्या सुटकेचे आहेत.

व्यवहार असा होता. गुलामाला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे. म्हणून त्याने साठवलेले पैसे देवाच्या हवाली करायचे आणि देवाने त्याला मालकाकडून विकत घ्यायचं. कागदोपत्री मालक अपोलो झाला, प्रत्यक्षात माणूस मोकळा. कोण अधिकारी असताना, कोणत्या महिन्यात, कोणाला, किती चांदीला, कोण साक्षीदार, हे सगळं लेखात येतं. किंमत बहुधा तीन ते पाच मीना; एक मीना म्हणजे 100 द्राख्मा. काही लेखांत एक जाचक अटही असते, की मालक जिवंत असेपर्यंत सुटलेल्याने त्याच्याजवळच राहून चाकरी करायची. स्वातंत्र्य विकत घेतलं, पैसेही मोजले, आणि तरी म्हाताऱ्या मालकाच्या मरणाची वाट पाहायची! राजांच्या सोन्याच्या देणग्या लुटल्या गेल्या, वितळवल्या गेल्या. या बायका-पुरुषांची नावं मात्र राहिली. डेल्फीत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे.

वर देवळासमोर खिऑस बेटाच्या लोकांनी बांधलेली वेदी आहे. या बदल्यात त्यांना कौल मागायला इतरांच्या आधी जाण्याचा मान मिळाला आणि तो त्यांनी वेदीवर कोरून ठेवला. देवळाचे सहा खांब पुन्हा उभे केलेले आहेत. इ.स.पू. 373 च्या भूकंपात आधीचं देऊळ कोसळलं, त्यानंतर बांधलेलं हे. आत पिथिया तिवईवर बसून कौल द्यायची. महिन्यातून एकदा, सातव्या दिवशी; हिवाळ्याचे तीन महिने मात्र बंद, कारण अपोलो तेव्हा उत्तरेला गेलेला असे. आधी बोकडावर गार पाणी शिंपडायचं आणि तो अंगभर थरथरला तरच कौल द्यायचा.

इराणवर चालून जाऊ का, असं लिडियाच्या क्रीससने विचारलं, तेव्हा मोठं साम्राज्य बुडेल असं उत्तर आलं आणि त्याचं स्वतःचंच बुडालं, ही हेरोडोटसने सांगितलेली गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पण इथे पुजारी राहिलेल्या प्लुटार्कने आपल्या काळातले प्रश्न नोंदवून ठेवले आहेत: लग्न करावं का, समुद्रप्रवासाला निघावं का, पैसे उसने द्यावेत का. गावं येत ती पीकपाणी, गुरं आणि आरोग्य यांची चौकशी करायला. राजांच्या प्रश्नांपेक्षा यांत माणूस जास्त कळतो.

पिथियाला झपाटणारा वास जमिनीतून येई, असंही प्लुटार्क लिहितो. फ्रेंचांनी खोदलं तेव्हा मोठी भेग सापडली नाही, म्हणून ती कल्पना मागे पडली. 2001 मध्ये काही भूशास्त्रज्ञांनी देवळाखालून जाणाऱ्या प्रस्तरभंगांकडे आणि झऱ्यांच्या पाण्यातल्या इथिलिनसारख्या वायूंच्या अंशाकडे बोट दाखवलं. इतरांनी त्यावर आक्षेप घेतले. हा वाद मिटलेला नाही.

त्याहून वर सुमारे 5000 प्रेक्षकांचं नाट्यगृह आहे. 1927 आणि 1930 मध्ये कवी सिकेलियानोस आणि त्याची अमेरिकन पत्नी इव्हा पामर यांनी इथे उत्सव भरवून जुनी नाटकं पुन्हा खेळवली. आणखी वर शर्यतींचं मैदान. दमछाक होत असेल तर नाट्यगृहापर्यंत जावं आणि परतावं. सगळ्या परिसराचं सर्वांत चांगलं दर्शन तिथूनच होतं. वाटेत सावली फार कमी आहे. पाणी, टोपी आणि पकड असलेले बूट हवेतच.

ऊन चढलं की संग्रहालय. 1896 मध्ये सापडलेला काशाचा सारथी तिथे आहे, 1.80 मीटर उंच. सिसिलीतल्या गेलाच्या राजघराण्यातल्या पोलिझालोसने रथशर्यतीतल्या विजयानंतर तो अर्पण केला होता. भूकंपाने त्याला गाडलं म्हणून तो वितळवला गेला नाही. त्याच्या डोळ्यांतली काच आणि दगडाची बुबुळं शाबूत आहेत. रथात उभा असल्याने त्याचे पाय कोणाला दिसणार नव्हते, तरी शिल्पकाराने पायांच्या शिरासुद्धा घडवल्या आहेत. स्तोत्रांचे दगडही इथेच पाहायला मिळतात.

देवळाच्या दर्शनी भागावर ‘स्वतःला ओळख’, ‘अति काही नको’ अशी वचनं होती. इ.स.पू. तिसऱ्या शतकात क्लेआर्खोस नावाच्या ग्रीकाने अशी वचनं डेल्फीत काळजीपूर्वक उतरवून घेतली आणि पार आजच्या अफगाणिस्तानात, आय खानूम इथे, दगडावर कोरवली. पुढे यवन म्हणवणारे लोक आपल्याकडेही पोचले. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवन दात्यांची नावं आहेत आणि नाशिकच्या पांडवलेण्यांत इंद्राग्निदत्त या योनकाने, म्हणजे यवनाने, कोरवलेलं लेणं आहे. डेल्फीला जाण्याआधी कार्ल्याचे खांब एकदा वाचून जावेत.

रस्त्याच्या खालच्या बाजूला अथेनेचं ठाणं आणि गोल देऊळ आहे. मूळच्या 20 खांबांपैकी तीन उभे केलेले. मोठ्या बसची माणसं बरेचदा इथे उतरत नाहीत. आपण उतरावं.

मग दुपारच्या जेवणाला अराखोवा. सुमारे 970 मीटर उंचीवरचं हे गाव बर्फावर घसरायला येणाऱ्या अथेन्सकरांमुळे हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी गच्च भरतं. मधल्या वारी गेलात तर गाव तुमच्याशी बोलतं. इथलं फोर्माएला हे मेंढी-बकरीच्या दुधाचं लांबट, उभट चीज. ते तव्यावर परतून लिंबू पिळून खातात. त्या नावाला युरोपीय कायद्याचं संरक्षण आहे, इतरत्र केलेल्या चीजला ते लावता येत नाही. खिलोपितेस हा घरगुती, चौकोनी तुकड्यांचा पास्ता विकत मिळतो आणि प्रवासात टिकतो. शाकाहाऱ्यांनी भाजलेल्या मोठ्या पांढऱ्या घेवड्याची, ‘यिगांतेस’ची चौकशी करावी. दुकानांत हातमागाची रंगीत विणकामं टांगलेली असतात. त्यांत यंत्रावरचा मालही मिसळलेला असतो, म्हणून उलटी बाजू पाहून मगच घ्यावं.

नोव्हेंबर 1826 मध्ये, ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात, ग्रीक सेनानी कराइस्काकिसने मुस्तफा बेच्या उस्मानी सैन्याला इथे कोंडीत धरलं. बर्फ आणि थंडीने उरलेलं काम केलं. या विजयात संत जॉर्ज आपल्या बाजूने लढला, अशी गावाची श्रद्धा आहे. त्याचं चर्च पायऱ्यांच्या लांब चढणीवर, गावाच्या माथ्याशी आहे. 23 एप्रिलला त्याचा उत्सव होतो आणि तो दिवस लेंटच्या उपासांत आला तर ईस्टरनंतर ढकलतात. तीन दिवस नाच-गाणी, पारंपरिक वेश, कुस्ती चालते आणि गावातली वयस्क माणसं चढणीवर धावण्याची शर्यत लावतात. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना थंडी सुखाची मिळेल, पण हिवाळी वेळापत्रकात अवशेषांचं फाटक दुपारीच बंद होतं. म्हणून वेळ आदल्या दिवशी पाहून घ्यावी. एप्रिलच्या अखेरीस जात असाल तर त्या वर्षीची उत्सवाची तारीख आधी विचारा, अराखोव्यात खोली घ्या आणि परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची सांगा.