मणक्यातली गादी, कंबरदुखी आणि कायरोप्रॅक्टर

मागच्या हिवाळ्यात ड्राइव्ह-वेवरचा ओला, जड स्नो काढताना माझ्या कमरेत अशी उसण भरली की फावडं तिथंच टाकून मी भिंत धरत घरात आलो. चार-आठ दिवसांत कळ उजव्या पायात उतरली. दीड महिना झाला तरी ती थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी एम.आर.आय. करवला. रिपोर्टात शब्द होते ‘डीजनरेटिव्ह डिस्क डिसीज’. वय वर्षे ५२. वाचून घरात सुतक पडल्यासारखी शांतता झाली! मंडळाच्या कार्यक्रमांत अशीच तक्रार करणारे अनेकजण भेटतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हे दुखणं म्हणजे काय ते पाहू. आपल्या पाठीच्या कण्यात मणक्यांच्या मधे २३ गाद्या असतात. प्रत्येक गादीला बाहेरून चिवट तंतूंचं कडं असतं आणि आत जेलीसारखा मऊ गर. तरुणपणी या गरात सुमारे ८० टक्के पाणी असतं. दिवसभराच्या भाराने यातलं थोडं पाणी बाहेर पडतं आणि रात्री झोपेत परत येतं. म्हणूनच सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर जास्त भरते. मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिचं पोषण शेजारच्या हाडातून झिरपत येतं. त्यामुळे झीज झाली की ती सावकाशच सुधारते, किंवा सुधारतच नाही. वयाबरोबर पाणी कमी होतं, गादी चपटी होते, कड्याला चिरा पडतात. कधी आतला गर बाहेर येऊन नसेवर दाबतो आणि मग कळ पायात जाते. यालाच आपण ‘गादी सरकली’ म्हणतो. आनुवंशिकतेचा यात मोठा वाटा आहे. धूम्रपान आणि वाढलेलं वजन त्यात भर घालतात.

आता दिलासा देणारी गोष्ट. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात पाठ अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांवर लोकांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या गेल्या. गाद्यांची झीज विशीतल्या ३७ टक्के, पन्नाशीतल्या ८० टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत दिसली! म्हणजे रिपोर्टातला ‘डिसीज’ हा शब्द पुष्कळदा केस पिकण्यासारखाच समजावा. सरकलेल्या गादीचा त्रासही बहुतेकांचा ऑपरेशनशिवाय काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत कमी होतो.

मग कायरोप्रॅक्टर काय करतो? हे शास्त्र इथलंच. १८९५ साली आयोवातल्या डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी ते सुरू केलं. आपल्याकडच्या हाडवैद्याची आठवण येते खरी, पण इथे कॉलेजचं रीतसर शिक्षण आणि राज्याचं लायसन्स लागतं. हाताने नेमका झटका देऊन किंवा टेबलावर हलका ताण देऊन तो सांध्यांची हालचाल मोकळी करतो. झिजलेली गादी त्याने पुन्हा नवी होत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. मात्र दुखणं कमी व्हायला मदत होऊ शकते. २०१७ साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने कंबरदुखीवर गोळ्यांआधी करून पाहण्याच्या उपायांत शेक, व्यायाम, योग यांच्याबरोबर या उपचारालाही जागा दिली. फायदा माफक असतो, चमत्कार नव्हे.

मी पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेलो त्यांनी दहा मिनिटांत चाळीस भेटींचं पॅकेज पुढे केलं, पैसे आगाऊ! मी नम्रपणे उठलो. दुसऱ्यांनी आधी पायाची ताकद, संवेदना आणि रिफ्लेक्स तपासले, सहा भेटी ठरवल्या आणि प्रत्येक वेळी एक व्यायाम शिकवला. चौथ्या भेटीनंतर मी मोजे स्वतःच्या हाताने घालू लागलो. आपोआप बरं झालं असतं का? कदाचित. पण व्यायाम आजही चालू आहे.

पैशांचं म्हणाल, तर वर्षाला किती भेटी मिळतात आणि को-पे किती, हे इन्शुरन्स कंपनीला आधीच विचारा. एच.एस.ए.चे पैसे यासाठी वापरता येतात. मेडिकेअरचा पार्ट बी फक्त मणक्यावरच्या हाताच्या उपचाराचे पैसे देतो, तेही डिडक्टिबल भरल्यावर ८० टक्के. कायरोप्रॅक्टरने सांगितलेला एक्स-रे किंवा मसाज त्यात बसत नाही. भारतातून आलेल्या आई-वडिलांच्या व्हिजिटर पॉलिसीत जुन्या दुखण्यांना बहुधा जागा नसते.

शेवटी सावधगिरी. लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, मांड्यांमधला भाग बधिर झाला, पायातली शक्ती गेली तर कायरोप्रॅक्टरकडे नव्हे, तडक इमर्जन्सीत जा. कंबरदुखीबरोबर ताप, विनाकारण वजन घटणं, पूर्वीचा कॅन्सर असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. हाडं ठिसूळ असतील किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर झटक्याचा उपचार घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. मानेला झटका दिल्यानंतर क्वचित रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून मानेच्या बाबतीत विशेष जपा.

यंदा स्नो पडला की फावडं अर्धंच भरा, गुडघ्यात वाका आणि मुलांना हाक मारा. त्यांच्या गाद्या अजून नव्या आहेत!