हिमाच्या उदरांतील ध्वनि

ध्वनि दूर जातां जातां क्षीण होतो हें आपण जाणतोंच. पण या क्षीणतेचीं कारणें दोन. ध्वनि चोहोंकडे पसरतो म्हणून विरळ होतो; अंतर दुप्पट झालें कीं कंपनाचा जोर निम्मा. दुसरें कारण अधिक सूक्ष्म : ज्या पदार्थांतून ध्वनि जातो तो पदार्थच त्याची कांहीं शक्ति गिळतो किंवा वाटेंत विखरून टाकतो. दक्षिण ध्रुवावरील बर्फ ध्वनीला किती गिळतो, हें मोजण्याची खटपट इ. स. २००७ पासून झाली, ती निवळ हौसेनें नव्हे.

अंतराळांतून न्यूट्रिनो नांवाचे अतिसूक्ष्म कण येतात. बहुतेक पृथ्वीच्या आरपार निघून जातात. क्वचित् एखादा बर्फांत अडखळतो. कण विलक्षण शक्तिमान् असेल, तर तेथील बर्फ किंचित् तापून एकाएकीं प्रसरण पावतो व एक बारीक 'टक्' उमटते. ती दूरवर पोंचत असेल, तर थोडक्या कानांनीं विस्तीर्ण हिमप्रदेशावर पहारा ठेवतां येईल, अशी आशा होती.

'आइसक्यूब' वेधशाळेसाठीं गरम पाण्यानें बर्फांत खोल विवरें पाडलीं जात. त्यांपैकीं चार विवरांत ५०० मीटर खोलीपर्यंत ध्वनिग्राहक यंत्रें सोडलीं. पाणी गोठलें आणि यंत्रें कायमचीं अडकलीं. खरी अडचण येथेंच. थंडीनें व दाबानें कोणत्या यंत्राचा कान किती मंदावला, हें वर काढून कसें तपासणार? दोन यंत्रांनीं कमीअधिक ऐकलें, तर गुण बर्फाचा कीं यंत्राचा?

यावरील युक्ति मला फार मार्मिक वाटते. कान एकच ठेवावा, तोंड हलवावें! नव्यानें पाडलेल्या, अद्याप न गोठलेल्या विवरांत ध्वनिजनक यंत्र सोडावयाचें. मग दुसऱ्या विवरांत, तिसऱ्यांत. आणि तोच ध्वनि त्याच ग्राहकाला निरनिराळ्या अंतरांवरून ऐकवावयाचा. कानाचा दोष सर्वत्र सारखाच, म्हणून तुलनेंत तो गळून पडतो. पहिल्या हंगामांत तें यंत्र पाण्यांत झोके घेई. पुढच्या वेळीं त्याला विवराच्या मध्यभागीं धरून ठेवणारी योजना केली.

पसरण्यामुळें होणारी घट वजा करूनहि दर ३०० मीटरांस कंपनाचा जोर सुमारें ३७ टक्क्यांवर येतो, असें आढळलें. पूर्वींच्या गणितानें त्यासाठीं सुमारें ९ किलोमीटर लागावयाचे होते! त्या हिशेबानें एका किलोमीटरावर नव्वद टक्के जोर उरला असता. प्रत्यक्षांत चारच टक्के उरतो. तेव्हां कान बरेच जवळजवळ बसवावे लागणार, आणि त्यांसाठीं विवरेंहि तितकींच अधिक.